विहीर पुढच्या अंगणात की मागच्या परसात?

चार-पाच वर्षे आमच्या घरात एका सुईवरून वाद चालू होता. सुई शिवणाच्या डब्यातली नव्हे, संगणकावरच्या एका खेळातली. नातू आणि त्याचा मित्र दिवाणखान्यात बसले की विषय हाच. उडी मारून वरून शत्रूवर वार करताना ती सुई सरळ खाली गेली पाहिजे, असे मित्राचे म्हणणे. तिरकी जाते यातच मजा आहे, असे नातवाचे. आवाज चढत, पोहे गार होत, पण निकाल लागत नसे. एकदा न राहवून मी विचारले, "अरे, एवढे भांडण्यापेक्षा खेळून बघा ना!" त्यावर दोघांनीही माझ्याकडे दयेने पाहिले. नातू म्हणाला, "आबा, खेळ अजून आलाच नाहीये."

बाजारात तुरी, या म्हणीचा इतका चोख दाखला मी तोपर्यंत पाहिला नव्हता. जो खेळ आलेला नाही, ज्याची तारीखही ठरलेली नाही, त्यातली सुई किती अंशांनी कलावी यावरून दोन शहाणी मुले हातघाईवर येतात! मी ते हसण्यावारी नेले. पण निवृत्त माणसाला वेळ असतो आणि कादंबरी लिहिणाऱ्याला चौकशा करायची खोड असते. नातवाला बोलते केले, आणि जसजसे ऐकत गेलो तसतसे माझे हसू ओसरत गेले.

त्या खेळाची कुळकथा अशी. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहरात 'टीम चेरी' नावाची मंडळी आहे. कंपनी म्हणवत नाही, कारण ॲरी गिब्सन आणि विल्यम पेलन हे दोघे प्रमुख आणि बाकीचे हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच. २०१४ च्या अखेरीस त्यांनी एका खेळासाठी लोकांकडे वर्गणी मागितली. हवे होते ३५ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर, जमले ५७ हजारांवर. त्यातून फेब्रुवारी २०१७ मध्ये 'हॉलो नाइट' हा खेळ आला. किड्यामुंग्यांचे एक उजाड राज्य, त्यात पांढऱ्या मुखवट्याचा एक मुका, चिमुकला योद्धा, हातात तलवारीऐवजी खिळा. वाटा शोधत, मरत, पुन्हा उठत, खोल खोल उतरत जायचे. या खेळाच्या पुढे जगभर दीड कोटी प्रती खपल्या.

वर्गणी जास्त जमली तर आणखी एक पात्र खेळायला देऊ, असे आश्वासन या मंडळींनी दिले होते. ते पात्र म्हणजे हॉर्नेट. लाल वस्त्रातली, सुई आणि रेशमाचा धागा हीच शस्त्रे असलेली योद्धी. आधी तिची नुसती पुरवणी निघायची होती. पुरवणी वाढत वाढत मूळ अंकापेक्षा मोठी झाली, आणि १४ फेब्रुवारी २०१९ रोजी जाहीर झाले की हा स्वतंत्र दुसरा भाग असेल, नाव 'सिल्कसाँग'. तेव्हा आमचे चिरंजीवांचे चिरंजीव चौथीत होते. सहावीत गेल्यावर त्याने पहिला भाग खेळला आणि तोही वाट पाहणाऱ्यांच्या रांगेत उभा राहिला. खेळ आला तेव्हा तो अकरावीत होता.

मधल्या साडेसहा वर्षांत लोकांच्या हाती होते काय? एक-दोन जाहिरातपट, २०१९ सालचे एक छोटे प्रात्यक्षिक, काही चित्रे, बस्स. जून २०२२ मध्ये पुढच्या बारा महिन्यांत येऊ घातलेल्या खेळांच्या एका कार्यक्रमात तो झळकला, तेव्हा लोकांना वाटले, आता आलाच. मे २०२३ मध्ये कळले की अजून लांबणार. मग सामसूम. या तुटपुंज्या शिधेवर लाखो माणसांनी वर्षे काढली. जुना योद्धा जखम भरताना एकेक मुखवटा परत मिळवी, ही एकदम तीन मिळवते. मग खेळ सोपा झाला की कठीण? जुना खिळा सरळ खाली मारता येई, हिची सुई तिरकी का? पहिल्या खेळात खाली उतरायचे होते, यात डोंगर चढायचा आहे. मग वाटा सापडतील कशा? जाहिरातपटाचे एकेक चित्र थांबवून मागची भिंत, भिंतीवरची नक्षी तपासली जाई. खेळांचा कोणताही मोठा कार्यक्रम असला की हे लोक आशेने बसत, पुन्हा निराशा पदरी पडली की स्वतःच स्वतःला विदूषकाचा रंग फासल्याची चित्रे एकमेकांना पाठवत.

जानेवारी २०२५ मध्ये तर कडी झाली. पेलन यांनी आपल्या नावासमोरचे चित्र बदलून तिथे चॉकलेट केकचे चित्र लावले. एवढेच! पण लोकांनी त्या केकचा माग काढला, त्याची पाककृती शोधली, तिच्यावरच्या तारखेवरून २ एप्रिल हा मुहूर्त काढला. खेळ खरा आहे, काम चालू आहे आणि तो येईल, असे मंडळींतल्या एकाला सांगावे लागले. गंमत अशी की, २ एप्रिल २०२५ ला एका जपानी कंपनीच्या कार्यक्रमात तो खेळ काही क्षण खरोखरच दिसला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली. आमच्या नातवाने त्या दिवशी जी मान ताठ केली ती आठवडाभर खाली आली नाही.

वडीलधाऱ्यांना हे सगळे पोरखेळ वाटेल. मलाही वाटले होते. पण मग मला माझी बँक आठवली.

बँकेत संध्याकाळी खतावणीच्या दोन्ही बाजू जुळल्याशिवाय घरी जाता येत नसे. संगणकापूर्वीचे दिवस. एखाद्या दिवशी नऊ रुपयांचा फरक निघे. नवखा कारकून म्हणे, "साहेब, मी माझ्या खिशातले नऊ रुपये घालतो, पण शेवटची गाडी चुकवू नका." आमचे जुने अधिकारी मान हलवत. ते म्हणत, "फरकाला नऊने भाग जातोय. कुणीतरी आकड्यांची अदलाबदल केली आहे, ५४ चे ४५ लिहिले आहेत. शोधा." आणि रात्री साडेआठला ते ४५ सापडतच. नऊ रुपयांसाठी एवढा खटाटोप कशाला? कारण फरक लहान दिसला म्हणून चूक लहान असतेच असे नाही. कधी कधी दोन मोठ्या चुका एकमेकींना झाकून बसलेल्या असतात आणि वर फक्त नऊ रुपये तरंगत असतात. बारीकसारीक गोष्टींवर डोळा ठेवणारा माणूस कोत्या मनाचा असतो, हा गैरसमज माझ्या मनातून तिथेच गेला.

सुईचेही तसेच आहे. नातवाच्या मित्राने पहिल्या भागात तो सरळ वार हजारो वेळा केला होता. रोखपालाची बोटे जशी नोटा मोजताना आपोआप चालतात, तसा तो वार त्याच्या हातात बसला होता. त्याचा कोन बदलला म्हणजे हाताला नवी भाषा शिकणे आले. एका परीने तो मुलगा म्हणत होता की, माझी ओळखीची वाट तुम्ही मोडता आहात, त्याबदल्यात काय देणार ते सांगा. हा प्रश्न क्षुल्लक कसा म्हणावा?

आणि ही खोड आजच्या मुलांची थोडीच आहे? शेरलॉक होम्सचा डॉक्टर वॉटसन घ्या. १८८७ सालच्या पहिल्या कथेत त्याला अफगाण युद्धात खांद्याला गोळी लागलेली आहे. १८९० च्या दुसऱ्या कथेत तीच जखम पायाला गेली! कॉनन डॉयलसाहेब विसरले असणार, दुसरे काय? पण त्यांचे वाचक विसरले नाहीत. त्या एका जखमेवर शंभर वर्षांहून अधिक काळ विद्वान माणसे निबंध लिहीत आली आहेत. १८९३ मध्ये डॉयलनी होम्सला धबधब्यात ढकलले तेव्हा वाचकांनी मासिकाची वर्गणी बंद केली, लेखकाला संतापून पत्रे लिहिली. शेवटी १९०३ मध्ये त्यांना होम्सला जिवंत करून परत आणावे लागले. वाट पाहणारा वाचक स्वस्थ बसत नाही. हातात नवे पान नसले की तो जुनी पानेच पुन्हा पुन्हा उलटतो, आणि मग खांदा आणि पाय त्याच्या नजरेतून सुटत नाहीत.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो, कारण या विषयात मी पक्षकार आहे.

१९९० च्या दशकात माझी एक कादंबरी आली आणि चार वर्षांनी तिचा दुसरा भाग. दुसऱ्या भागानंतर चिपळूणहून एक पोस्टकार्ड आले. अक्षर थरथरते, मजकूर चारच ओळींचा. पहिल्या भागात वाड्याची विहीर मागच्या परसात आहे, दुसऱ्या भागात ती पुढच्या अंगणात कशी आली? मी मनात म्हटले, लोकांना काय उद्योग नाहीत! विहीर इथे असो की तिथे, पाणी तेच ना? पण रात्री झोप येईना. उठून पहिला भाग काढला. त्यात घरचा धाकटा मुलगा पहाटे पुढच्या दाराने घर सोडून जातो आणि म्हातारी आई आयुष्यभर सांगत राहते, "मी विहिरीवर होते, मला दिसला नाही." विहीर मागे असेल तर ती बिचारी खरे बोलते आहे. विहीर पुढे असेल तर तिने मुलाला जाताना पाहिले आणि अडवले नाही. माझ्या एका निष्काळजी वाक्याने मी एका आईला जन्माची खोटी ठरवले होते. पुढच्या आवृत्तीत विहीर मागे नेली आणि चिपळूणच्या त्या वाचकाला दोन पानी पत्र लिहिले. माझी कादंबरी त्यांनी माझ्यापेक्षा नीट वाचली होती.

दुसरे एक पत्र आले होते. तिसऱ्या भागात धाकटा परत आलाच पाहिजे, नाहीतर तुमचे पुस्तक हातात धरणार नाही, अशी तंबी. मी हसलो. अशी तंबी देणाऱ्याच्या मनात पात्र जिवंत असते, त्याचा राग कशाला मानायचा? पण तिसरे पत्र वेगळे होते. निनावी, निळ्या अंतर्देशीय पत्रावर. दुसऱ्या भागात धाकट्याचे मी जे केले ते लिहिणाऱ्याला सोसले नव्हते, आणि त्याबद्दल माझ्या मुलांचे काय व्हावे हे त्याने तपशिलाने कळवले होते. ते पत्र माझ्या बायकोने फोडले. ती काही बोलली नाही. फक्त मुलांना शाळेतून आणायला ती महिनाभर स्वतः जात राहिली.

तिसरा भाग मी लिहिलाच नाही. सभा-संमेलनांत कुणी विचारले तर बँकेतल्या कामाचे कारण सांगतो. ते कारण खोटे आहे.

म्हणून या खेळांच्या चाहत्यांची एक बाजू कौतुकाने सांगताना दुसरी झाकून ठेवणे मला जमणार नाही. जुलै २०२२ मध्ये 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक' या खेळाच्या वेळी हेच घडले. तोही दुसरा भागच. प्रदर्शनाची तारीख अपेक्षेच्या दिवशी जाहीर झाली नाही, एवढ्यावरून तिथे काम करणाऱ्या लोकांना घाणेरडे निरोप पाठवले गेले. अखेर त्या संस्थेला, एकमेकांशी आदराने वागा, असे जाहीर आवाहन करावे लागले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 'ग्रँड थेफ्ट ऑटो'च्या सहाव्या भागाचे अर्धेकच्चे काम कुणी चोरून जगासमोर मांडले. ९० च्या आसपास चित्रफिती होत्या. खेळ प्रौढांसाठीचा, पण प्रश्न सगळ्यांचाच. लोकांनी त्या फितींवरून चित्रे खराब असल्याचा निवाडाही देऊन टाकला. लेखकाच्या खणातले खाडाखोडीचे हस्तलिखित पळवायचे आणि वर शुद्धलेखनाच्या चुका काढायच्या, त्यातला हा प्रकार. तेव्हा दुसऱ्या खेळांच्या कारागिरांनी पुढे येऊन आपापल्या गाजलेल्या खेळांची कच्ची, ओबडधोबड रूपे लोकांना दाखवली. सगळ्यांचे घर बांधताना असेच दिसते, हे सांगण्यासाठी. मला ही माणसे आवडली.

मग चाहत्याचा हक्क कुठपर्यंत? याचे उत्तरही मला बँकेच्या टेबलावरच सापडते. धनादेश वटवताना आम्ही नमुन्याची सही समोर ठेवून पडताळत असू. नवीन माणसाला वाटते, सही तंतोतंत जुळली की झाले. पण अनुभवी अधिकारी तंतोतंत जुळणाऱ्या सहीलाच बिचकतो. जिवंत हाताची सही रोज थोडी बदलते. कधी शेपूट लांबते, कधी वेलांटी आखडते. नमुन्यावर कागद ठेवून गिरवलेली सही मात्र रेषेला रेष जुळते. फरक नसणे हीच तिथे खोटेपणाची खूण असते. आम्ही पाहायचो ती हाताची चाल, त्यातला ओघ, कुठे दाब पडतो आणि कुठे हात सुटतो ते.

पुढचा भाग ही कलावंताची दुसरी सही आहे. सुई तिरकी गेली, रस्ता खालीऐवजी वर गेला, ही वेलांटीतली तफावत झाली. पहिल्या भागाला रेषेला रेष जुळणारा दुसरा भाग मागणारे चाहते नकळत गिरवलेली सही मागत असतात. आणि विहीर जागेवरून हलली, वॉटसनची जखम सरकली, तर ती हिशेबातली चूक. ती दाखवणे हे वाचकाचे कामच आहे. वेलांटी कोणती आणि विहीर कोणती हे ओळखणे सोपे नाही, हे मी मान्य करतो. चांगले वाद यावरच होतात. हिशेब तपासायचा हक्क प्रत्येक ठेवीदाराला आहे. पण काउंटरच्या आत येऊन सही करायचा हक्क त्याला नाही, आणि हिशेब जुळेना म्हणून कारकुनाच्या घरावर दगड मारायचा हक्क तर कुणालाच नाही.

खेळ आला त्या दिवसाची हकीकत राहिलीच. २१ ऑगस्ट २०२५ रोजी तारीख जाहीर झाली आणि दोनच आठवड्यांनी, ४ सप्टेंबरला, आपल्याकडच्या संध्याकाळी साडेसातला खेळ खुला व्हायचा होता. या लाटेखाली सापडू नये म्हणून इतर काही लहान मंडळींनी आपल्या खेळांच्या तारखा पुढे नेल्या होत्या. आमच्याकडे दहा दिवसांचे गणपती, साडेसात म्हणजे आरतीची वेळ. नातू एका हाताने टाळ वाजवत दुसऱ्या हातात फोन धरून उभा. आणि काय सांगावे, जगभरची गर्दी एकदम लोटल्यामुळे विकणारी मोठमोठी दुकानेच कोलमडली! मंत्रपुष्पांजली झाली, प्रसाद वाटून झाला, तरी त्याला खेळ मिळेना. साडेसहा वर्षांत आणखी दोन तासांची भर.

गिब्सन आणि पेलन यांनी त्याच सुमारास एका मुलाखतीत सांगितले की, काम कुठे अडलेले नव्हते. त्यांना ते करण्यात मजा येत होती, नवे सुचत होते, म्हणून वेळ लागला. काम चालू आहे एवढेच पुन्हा पुन्हा सांगून लोकांचा विरस करण्यापेक्षा गप्प राहणे त्यांना बरे वाटले. इतक्या कोलाहलात दोन माणसे आपल्या टेबलाशी मजेत बसून राहिली, याचा मला हेवा वाटतो. मला ते साधले नाही.

आल्यावरही वाद थांबले नाहीत, पण आता ते समोरच्या वस्तूवर होते. सुरुवातीचे काही शत्रू फार कठीण आहेत, काही बाकांवर विसावायला जपमाळेचे मणी मोजावे लागतात आणि दर जास्त आहेत, अशा तक्रारी झाल्या. पहिल्याच दुरुस्तीत दोन शत्रू थोडे सौम्य झाले, काही दरही उतरले. चिनी खेळाडूंनी चिनी भाषांतराविरुद्ध आवाज उठवला: भाषा जुनाट, कृत्रिम झाली आहे. मंडळींनी चूक मान्य करून सुधारणेचे आश्वासन दिले. डिमांड ड्राफ्टला 'धनाकर्ष' म्हणणारे छापील फॉर्म पंचवीस वर्षे खिडकीतून पुढे सरकवलेल्या माझ्यासारख्याला त्या चिनी मुलांचे दुःख वेगळे समजावून सांगायला नको. सुई मात्र तिरकीच राहिली. ती त्यांची सही होती.

आठवडाभराने नातवाचा तो मित्र आला. मी मुद्दाम विचारले, "काय रे, सुईचे काय झाले?" तो जरा ओशाळला. म्हणाला, "पहिले दोन दिवस फार राग आला, आजोबा. आता हाताला सवय झाली. आणि पुढे गेल्यावर वाराची दुसरी पद्धत निवडताही येते." मग थोडा थांबून म्हणाला, "पण सरळच हवी होती."

मी त्याला पोह्यांची बशी दिली. असा वाचक भेटायला भाग्य लागते. चिपळूणचे ते पोस्टकार्ड माझ्याकडे अजून आहे. परवा कपाट आवरताना ते वर आले, तेव्हा त्याच्या पाठीवरची शेवटची ओळ मी पुन्हा वाचली. तिसऱ्या भागाची वाट पाहतो आहे, असे त्यांनी लिहिले होते. निळे अंतर्देशीय मी त्याच दिवशी फाडून टाकले होते. पण एवढी वर्षे मी उत्तर त्यालाच देत बसलो, पोस्टकार्डाला नाही. हा हिशेब माझ्याच खतावणीत चुकला आहे, आणि फरक नऊ रुपयांचा नाही.